रिकॉलचं पत्र आलं, पार्ट मात्र येत नाही

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातला. माझं गावात कृषी सेवा केंद्र आहे. तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून छोटी एसयूव्ही घेतली, नवी कोरी. दोन महिन्यांपूर्वी कंपनीचा मेसेज आला, पाठोपाठ रिकॉलचं, म्हणजे दोषामुळे गाडी परत बोलावल्याचं, पत्रही आलं. पुढच्या सस्पेन्शनच्या लोअर आर्ममध्ये दोष असू शकतो, गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवा, काम मोफत होईल, असं त्यात लिहिलंय. मी जळगावला गेलो. पहिल्या वेळी म्हणाले, पार्ट आलेला नाही, आला की फोन करू. फोन काही आला नाही. दुसऱ्या वेळी गाडी दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी "चेक केली, ओके आहे" म्हणून किल्ली हातात दिली. कागद काही नाही. घरी परतताना धरणगावच्या अलीकडे डाव्या चाकाकडून तोच कटकट आवाज. फोन केला तर म्हणे, "साहेब, तुमच्याकडचे रस्तेच तसे आहेत."

आता घरी रोजचा वाद. आई म्हणते, "आते मी त्या गाडीमा नही बसस." बायको मुलांना बसू देत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीला शिरपूरहून आणायचं आहे, नंतर सगळ्यांना घेऊन वणीच्या गडावर जायचं ठरलंय. गावातला मेकॅनिक म्हणतो, बाहेरचा आर्म टाकून देतो, दोन तासांचं काम. एक मित्र म्हणतो, गाडी काढून टाक, पत्राचं कोणाजवळ बोलू नको. हप्ते तर चालूच आहेत. डोकं चालत नाही. काय करू?

उत्तर

भाऊ, तुमचा संताप रास्त आहे. पण त्या संतापात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत, त्या आधी सोडवू. एक म्हणजे गाडीत बसणारी माणसं. दुसरी म्हणजे कंपनीशी चाललेलं भांडण. भांडण महिने चालेल, चालू द्या. माणसांचा निर्णय मात्र आजच घ्यायचा आहे.

तुमच्या आईचं बरोबर आहे. चाक तपासून लेखी निर्वाळा मिळत नाही तोवर या गाडीतून घरच्यांना नेऊ नका. बहिणीला एसटीने आणा किंवा दुसऱ्या कोणाची गाडी घ्या. गडावर तर ही गाडी नेऊच नका. नांदुरीचा घाट उतरताना गाडी भरलेली असते, ब्रेक लावला की सगळा भार पुढच्या चाकांवर येतो आणि वळणावर तो बाहेरच्या एका चाकावर गोळा होतो. लोअर आर्मवर त्याहून जास्त ताण रोजच्या वापरात क्वचितच येतो. महामार्गावर वेगात, भरल्या गाडीने जाणंही टाळा.

आणखी एक करा. कंपनीचं पत्र पुन्हा एकदा ओळ न् ओळ वाचा. "दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नये" असं कुठे लिहिलेलं आहे का ते बघा. असेल, तर गाडी जागेवर उभी करा आणि कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करून ती उचलून न्यायला सांगा. तसं लिहिलेलं नसेल, तर तपासणीपर्यंत गावातल्या गावात, एकट्याने, सावकाश, एवढाच वापर ठेवा.

मी एवढा आग्रह का धरतोय ते सांगतो. तुमच्या गाडीच्या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. वरून शॉकअप आणि स्प्रिंग चाकाला धरतात, खालून धरतो तो लोअर आर्म. आर्मचं आतलं टोक दोन रबरी बुशांवर चेसिसच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो आणि त्यावर चाकाचा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो धातूचा भाग, फिरतो. म्हणजे चाकाला खालून पकडणारी हीच एक जागा. बॉल जॉइंट निसटला किंवा आर्म वेल्डिंगपाशी चिरला, तर चाक बाहेर फाकतं, गाडीचा तो कोपरा खाली बसतो आणि स्टेअरिंग फिरवून काही होत नाही. शॉकअप गळायला लागला तर गाडी उड्या मारते, त्रास होतो, पण ती ताब्यात राहते. आर्मचं तसं नाही. म्हणून असा दोष सापडला की कंपन्या स्वतःहून गाड्या परत बोलावतात.

दोष नेहमी सगळ्याच गाड्यांत असतो असं नाही. बहुतेक वेळा पुरवठादाराकडून आलेल्या एखाद्या खेपेत काहीतरी बिघडलेलं असतं. वेल्डिंग कमी पडलेलं असतं, लोखंड नीट कडक झालेलं नसतं किंवा नट हवा तेवढा आवळलेला नसतो. ती खेप ज्या गाड्यांत बसली त्यांचे चेसिस नंबर काढले जातात, म्हणून पत्रात "असू शकतो" अशी भाषा असते. तुमच्या गाडीत तो दोष असेलच असं मी म्हणत नाही. नसेलच असं मात्र जळगावचा काउंटरवरचा माणूस तोंडी सांगू शकत नाही.

हे प्रकार आपल्या देशात नवे नाहीत. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने स्टेअरिंगच्या टाय रॉडमधल्या संभाव्य दोषासाठी एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या परत बोलावल्या होत्या. २०१८ मध्ये होंडाने पुढच्या फोर्कच्या बोल्टसाठी ५६,१९४ स्कूटर तपासायला घेतल्या. अमेरिकेत २०२३ मध्ये जीपच्या ग्रँड चेरोकीची मागची कॉइल स्प्रिंग चालत्या गाडीतून निसटू शकते म्हणून सुमारे ३ लाख ३१ हजार गाड्यांचा रिकॉल निघाला. रिकॉल काढला म्हणून कंपनीला नावं ठेवू नये, उलट दोष लपवला नाही म्हणून तिचं चांगलंच म्हणावं, असं माझं मत आहे. पण पत्र पाठवून पुढचं काम रेंगाळत ठेवणं हे वाईट. मालकाला सांगायचं की चाकात धोका असू शकतो, आणि मग महिनोन् महिने त्याला त्याच चाकावर फिरू द्यायचं. तुमच्यासारख्या किती घरांत यावरून झोप उडाली असेल.

आता तुमच्या कटकट आवाजाकडे येतो, कारण इथे तुमची फसगत होण्याची शक्यता आहे. हा आवाज आणि रिकॉलमधला दोष ही दोन वेगळी दुखणी असू शकतात. हळू वेगात, लहान खड्ड्यावर, एका बाजूने येणारी कटकट पुष्कळदा लिंक रॉडची, म्हणजे स्टॅबिलायझर बार सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांडीची असते. कधी स्ट्रटच्या वरच्या माउंटची असते, कधी आर्मच्या बुशाची. उलट ज्या आर्ममध्ये वेल्डिंगचा दोष आहे तो अगदी शेवटपर्यंत गप्प राहू शकतो. म्हणून "आवाज गेला म्हणजे रिकॉलचं काम झालं" असं धरू नका, आणि "आवाज येतोय म्हणजे आर्म तुटतोय" असंही धरू नका. सर्व्हिस सेंटरला हीच गल्लत सोयीची पडते. तुम्ही आवाजाची तक्रार करता, ते लिंक रॉड हलवून बघतात आणि "ओके" म्हणतात. रिकॉल बाजूलाच राहतो.

गावातल्या मेकॅनिककडे जरूर जा, पण फक्त बघून घ्यायला. गाडी आधी खालून धुऊन घ्या. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात आर्मवर थापली जाते आणि वाळली की कडक कवच होतं, त्याखाली चीर दिसत नाही. मग जॅक चेसिसला लावून चाक लोंबकळतं ठेवायचं, स्टँड लावल्याशिवाय कोणी खाली जायचं नाही. पहार किंवा लांब टॉमी आर्म आणि नकलच्या मध्ये घालून हलक्या हाताने दाब द्यायचा. बॉल जॉइंट चांगला असेल तर दोन्ही एकत्र हलतात. झिजला असेल तर त्यांच्यामध्ये केसभर फट उघडते आणि मिटते, आणि "टक" असा आवाज येतो. तो आवाज कानापेक्षा बोटांना आधी कळतो. बॉल जॉइंटचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलंय का तेही बघा. वेल्डिंगच्या कडेने टॉर्च फिरवा. गंजाची एक बारीक सरळ रेघ दिसली तर ती नुसता गंज समजू नका, चीर पडली की पाणी तिथूनच आत शिरतं. मग चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवा, म्हणजे टाय रॉड एंडचा प्ले (सैलपणा) कळेल. शेवटी गाडी खाली घेऊन उभ्या गाडीचं स्टेअरिंग कोणाला तरी फिरवायला लावा आणि स्प्रिंगवर हात ठेवा. स्प्रिंग अडकून एकदम सुटल्यासारखी वाटली तर माउंट बघा.

टायरही बघा. डाव्या टायरची आतली कड उजव्यापेक्षा जास्त झिजलेली आहे का? असेल तर त्याचा फोटो काढा. फट दिसली तर तिचा व्हिडिओ काढा, मेकॅनिकच्या तोंडून काय दिसतंय ते त्यातच बोलून घ्या. यातली कुठलीही खूण ठळक दिसली तर गाडी चालवत जळगावला नेऊ नका. बांभोरीच्या पुलावर, मागेपुढे ट्रक असताना चाक गेलं तर वाचवायला जागा नाही. उचलून न्यायला लावा.

"रस्तेच तसे आहेत" या उत्तराचा मला मनापासून राग येतो. आपल्याकडचे रस्ते कसे आहेत ते कोणी आपल्याला शिकवायला नको. खड्ड्यांनी बुश लवकर जातात, लिंक रॉड वाजायला लागतात, अलाइनमेंट बिघडतं, हे सगळं खरं. तुमची कटकट रस्त्यामुळे असू शकते आणि तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं मी मान्य करतो. अशी झीज झाली असेल तर वॉरंटीत काय बसतं ते बघून तो खर्च तुम्हाला करावाही लागेल. पण रिकॉल रस्ते बघून निघत नाही. तो कारखान्यातल्या दोषासाठी, चेसिस नंबर बघून निघतो. तुमचा नंबर त्या यादीत आहे हे कंपनीने स्वतः लिहून कळवलंय. मग गाडी सुरतेच्या गुळगुळीत रस्त्यावर चालो की अमळनेरच्या शेतरस्त्यावर, काम तेच आणि तितकंच मोफत. पुढच्या वेळी कोणी रस्त्यावर विषय नेला तर एकच विचारा: "माझ्या चेसिस नंबरवर रिकॉलचं काम तुमच्या सिस्टिममध्ये पूर्ण दिसतंय की बाकी?" याचं उत्तर पूर्ण किंवा बाकी असंच येतं. कंपनीच्या वेबसाइटवर १७ अक्षर-अंकी चेसिस नंबर टाकून तुम्हीही ते बघू शकता, बऱ्याच कंपन्यांनी ती सोय ठेवली आहे. नंबर आरसीवर आहे, विम्याच्या कागदावरही आहे.

मला वाटतं, तिथेच तुमच्या दुसऱ्या फेरीचा उलगडा होईल. काही रिकॉल "तपासा, गरज असेल तरच बदला" अशा स्वरूपाचे असतात. तुमचा तसा असेल तर "चेक केली, ओके आहे" हे उत्तर खरंही असू शकतं. मग तसं कागदावर यायला हवं. रिकॉलचा क्रमांक, काय तपासलं, काय निघालं, तारीख, किलोमीटर, सही आणि शिक्का. गाडी दिवसभर आत होती आणि तुमच्याकडे जॉब कार्डसुद्धा (तक्रार आणि कामाची नोंद असलेला सेंटरचा कागद) नाही, याचा अर्थ कागदोपत्री ती गाडी तिथे गेलीच नाही. यापुढे जॉब कार्ड उघडल्याशिवाय किल्ली देऊ नका. त्यावर दोन तक्रारी दोन वेगळ्या ओळींत लिहायला लावा. पहिली ओळ रिकॉलची, दुसरी डाव्या चाकाच्या आवाजाची. "जनरल चेकअप" असं मोघम लिहू देऊ नका. लिहून झालं की तिथेच मोबाइलमध्ये फोटो.

पार्ट का येत नाही, हेही समजून घ्या, म्हणजे नेमकं कोणाला धरायचं ते कळेल. दोष लक्षात आल्यावर कळवायला उशीर करता येत नाही, पण सुधारलेला पार्ट बनवायला, तपासायला आणि हजारो गाड्यांपुरता पुरवायला वेळ लागतो. हे जगभर होतं. अमेरिकेत तर कंपनीने सरकारला दोष कळवला की ६० दिवसांत मालकांना पत्र जायलाच लागतं, पार्ट तयार असो वा नसो. म्हणून तिथेही "पत्र आलं, पार्ट नाही" ही मालकांची जुनी तक्रार आहे. आपल्याकडे त्यात एक भर पडते. डीलरने तुमच्या चेसिस नंबरवर ऑर्डर टाकली नाही, तर पार्ट तुमच्या नावाने निघतच नाही. काउंटरवर "आला की सांगू" म्हणणाऱ्याने ऑर्डर टाकली आहे का, हे तुम्ही विचारलंच नसेल. विचारा. ऑर्डरचा नंबर आणि तारीख मागा. टाकली नसेल तर दोष डीलरचा, टाकून पडून असेल तर कंपनीचा. जळगावला जमत नसेल तर धुळ्याचं सेंटर तुम्हाला जवळ पडेल. रिकॉलचं काम त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सेंटरला करता येतं, गाडी जिथून घेतली तिथेच जायला हवं असं नाही. आणि फोनवर पार्ट हातात आल्याची खात्री झाल्याशिवाय पेट्रोल जाळून जाऊ नका.

काम होईल त्या दिवशी थोडा वेळ काढून तिथेच थांबा. जुना आर्म बघायला मागा. रिकॉलचे जुने पार्ट कंपनीकडे परत जातात, त्यामुळे घरी न्यायला मिळणार नाही, पण त्याचा आणि नव्याच्या लेबलचा फोटो काढता येतो. आर्मचे आतले बोल्ट गाडी लोंबकळत असताना शेवटचे आवळू नयेत, चाकांवर भार आल्यावर टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने, आवळायचे असतात. नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत बसतो आणि काही महिन्यांत फाटतो. आवळलेल्या नटावर रंगाची खूण मारायची पद्धत असते, ती दिसतेय का बघा. नंतर व्हील अलाइनमेंट झालंच पाहिजे, त्याचा छापील रिपोर्ट घ्या, आणि त्याचे पैसे मागितले तर रिकॉलचं काम मोफत असल्याचं पत्र पुढे करा.

मेकॅनिकने सांगितलेला बाहेरचा आर्म बसवू नका. माणूस चांगला असेल, हातही चांगला असेल. पण त्याच्याकडे मिळणारा आर्म कुठल्या खेपेचा, सुधारलेला की जुनाच, हे त्यालाही कळायला मार्ग नाही. शिवाय उद्या काही झालं तर कंपनी सरळ म्हणेल, आमचा पार्ट गाडीत नव्हताच. तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा तुम्ही स्वतःच काढून टाकलेला असेल. लिंक रॉड, स्टॅबिलायझर बुश अशा रिकॉलबाहेरच्या वस्तू त्याच्याकडून बदलायला हरकत नाही, पण वॉरंटी शिल्लक असेल तर त्याही आधी सेंटरलाच मागा.

आणि मित्राचा सल्ला ऐकू नका, भाऊ. तुम्ही विचारलंत याचा अर्थ तुमचंही मन तयार नाही. एमएच-१९ ची गाडी विकाल ती बहुतेक चोपडा, पारोळा, एरंडोल याच पट्ट्यातल्या कोणालातरी. तो त्याची आई, त्याची मुलं तिच्यात बसवेल, आणि त्याला माहीतही नसेल. पत्रं तुमच्या नावावर येत राहतील, त्याच्या नाही. गाडी पुढे विकायचीच असेल तर काम होऊन कागद हातात आल्यावर विका, किंवा पत्रासकट, सांगून विका. रिकॉल चेसिस नंबरला लागू असतो, मालक बदलला तरी दुरुस्ती मोफतच राहते, हे घेणाऱ्याला समजावून सांगितलं तर तो पळून जाणार नाही. किंमत थोडी कमी येईल, येऊ द्या. जुनी गाडी घेतलेल्या इतर वाचकांनीही हे ध्यानात ठेवावं. तुमच्या गाडीचं रिकॉलचं पत्र आधीच्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असू शकतं. चेसिस नंबर टाकून एकदा तपासा, आणि आरसीवरचा पत्ता आणि मोबाइल नंबर बदलून घ्या.

आता भांडणाचं. आपल्याकडे २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छेने रिकॉल करण्याची नियमावली होती, म्हणजे मामला कंपनीच्या मर्जीचा होता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम ११०-अ आलं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. कंपनीने स्वतःहून रिकॉल केला तर दंड नाही. सरकारला आदेश देऊन करायला लावावा लागला, तर दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत जातो. कंपनीने गाडी दुरुस्त करावी, बदलून द्यावी किंवा पैसे परत द्यावेत, असे मार्ग त्या कलमात आहेत. नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागतो, तुमची तीन वर्षांची आहे. दुरुस्ती होईपर्यंत वापरायला दुसरी गाडी मिळावी असा हक्क त्या कलमात नाही, पण मागणी लेखी करून ठेवा. काही कंपन्या देतात, आणि न दिल्यास भाड्याच्या गाडीच्या पावत्या पुढे नुकसानभरपाई मागताना कामी येतात.

मालकाला परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' नावाच्या संकेतस्थळावर रिकॉलच्या विभागात तक्रार नोंदवता येते. एका मॉडेलच्या ठरावीक संख्येपेक्षा जास्त तक्रारी झाल्या की सरकार चौकशीला घेतं, म्हणून तुमची एकटी तक्रारही वाया जात नाही. जळगाव-धुळ्याकडे त्याच मॉडेलचे आणखी मालक असतील, त्यांनाही नोंदवायला सांगा. त्याआधी मात्र डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकाच वेळी ईमेल करा आणि उत्तराला पंधरा दिवस द्या. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं तिथेच हलतात, कारण मोठ्या कंपन्यांची माणसं त्या व्यवस्थेला जोडलेली असतात.

तिथेही काही झालं नाही तर जळगावचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो की चेन्नईला. गाडीला दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालतं. फी ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये आणि १० ते २० लाखांना ४०० रुपये. ई-जागृती या संकेतस्थळावर घरबसल्या दाखल करता येते, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. डीलर आणि कंपनी दोघांनाही सामील करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग पार्ट प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात त्याहून वेळ लागतो, तयारी ठेवून जा.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. तुमचं दुकान आहे. गाडी दुकानाच्या फर्मच्या नावावर असेल, तर समोरचे वकील "व्यापारी वापर, म्हणून हा ग्राहकच नाही" असा मुद्दा काढतील. गाडी तुमच्या स्वतःच्या नावावर आणि घरच्या वापरासाठी असेल तर ते तक्रारीतच स्पष्ट लिहा. फर्मच्या नावावर असेल तर मात्र दाखल करण्याआधी एखाद्या वकिलाला कागद दाखवा, एवढा खर्च करा.

आणि देव न करो, पण दुरुस्तीआधी चाक निखळलं किंवा अपघात झाला, तर तुटलेला पार्ट कोणाच्याही हवाली करू नका. जागेवरच फोटो काढा, पंचनाम्यात त्याचा उल्लेख करून घ्या, विमा कंपनीला कळवा.

ईमेल लांबलचक नको, रागाचा नको. माझ्या हातून असा गेला असता, तुमचे तपशील घालून पाठवा:

"माझी गाडी (मॉडेल, नोंदणी क्रमांक, चेसिस क्रमांक) आपल्या अमुक तारखेच्या पत्रानुसार पुढच्या लोअर आर्मच्या रिकॉलमध्ये आहे. मी अमुक व अमुक तारखेला आपल्या जळगावच्या अधिकृत सेंटरला गाडी नेली. पहिल्या वेळी पार्ट उपलब्ध नसल्याचे सांगितले. दुसऱ्या वेळी गाडी दिवसभर ठेवून तोंडी 'ओके' सांगितले, जॉब कार्ड अथवा तपासणी अहवाल दिला नाही. कृपया लेखी कळवावे: माझ्या चेसिस क्रमांकावर रिकॉलचे काम पूर्ण आहे की बाकी, बाकी असल्यास पार्टची ऑर्डर कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने टाकली, काम होईपर्यंत गाडी चालवणे सुरक्षित आहे की नाही, आणि नसल्यास गाडी नेण्याची व पर्यायी वाहनाची काय सोय करणार. डाव्या पुढच्या चाकाकडून येणाऱ्या आवाजाची तक्रार वेगळी नोंदवावी. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी परिवहन मंत्रालय व ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन."

"चालवणे सुरक्षित आहे की नाही" ही ओळ काढू नका. तिला लेखी "सुरक्षित आहे" असं उत्तर द्यायला कोणी सहजासहजी धजत नाही, आणि माझा अनुभव असा की त्या ओळीनंतर पार्ट लवकर सापडतो. सोबत रिकॉलचं पत्र, आरसी, टायरचा फोटो आणि सेंटरला केलेल्या कॉलचे स्क्रीनशॉट जोडा. पहिल्या दोन फेऱ्यांचा कागद नाही, पण त्या दिवशीची पेट्रोलची किंवा टोलची पावती, सेंटरचा मेसेज, आत घेतानाचा गेटवरचा शेरा, असं काही मिळालं तर तेही लावा.